एक आर कमी

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांनी सतरा वर्षं एकच काळ शिकवला. भूतकाळ. वर्तमानकाळ त्यांना क्षुल्लक वाटे, त्यात फार तर एक एस लावायचा असतो. भविष्यकाळ परमेश्वराच्या अखत्यारीतला, त्यात मास्तरानं पडू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि भूतकाळही सगळा नाही. ज्या क्रियापदांच्या शेवटी शिस्तीत ई-डी लागतं तेवढीच त्यांच्या वर्गात बसायच्या लायकीची. ‘गो’चं ‘वेंट’ होतं, ‘ईट’चं ‘एट’ होतं, असल्या शब्दांविषयी ते एकदा मला म्हणाले, “या शब्दायचं खानदान ठीक नाही. बापाचं तोंड एक, पोराचं दुसरंच. मी नाही शिकवत.”

आमचं गाव लोणारहून बीबीवरून देऊळगाव राजाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडं आत होतं. गावात कापसाची एक जिन, आठवड्याचा बाजार आणि पाच खोल्यांची कौलारू शाळा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं असल्यामुळे सरकारी कागद तीन-चार कचेऱ्या फिरून आमच्यापर्यंत पोचे, आणि पोचेपर्यंत त्यावर इतके शिक्के पडत की मजकुराला जागा उरत नसे. मी तिथं गणित शिकवायला रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी मला शिक्षकांच्या खोलीत नेऊन बसवलं. समोर एक काटकुळे गृहस्थ लाल शाईनं वह्या तपासत होते. काळा कोट, त्याचं मधलं बटण नाही, आणि खिशापाशी लाल डाग, इतका मोठा की मला वाटलं या माणसाला काही लागलंय.

त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वहीतून मान वर करून म्हणाले, “प्लॅन केला. स्पेलिंग सांगा.”

मी म्हटलं, “पी-एल-ए-एन-ई-डी.”

वैद्य जीभ तपासून रोग्याकडे पाहतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तो रंधा झाला, मास्तर. सुतार लाकडाले मारते तो. घर बांधाचा बेत कराले गेले आन् तुम्ही घर तासून काढलं. एन डबल पाहिजे.”

मी ओशाळलो. त्यांना ते आवडलं असावं, कारण मग त्यांनी माझ्या आधीच्या गणिताच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. त्यांनी बढतीसाठी अर्ज केला होता. लिहायचं होतं, ‘मला उमेद होती’. पण ‘होप’च्या भूतकाळात एक पी जास्त पडला. “मंग साहेबानं काय वाचलं? मी बढतीसाठी लंगडी घातली.”

“मग बढती नाही मिळाली?”

“मिळाली ना,” मास्तर दुःखानं म्हणाले. “साहेबाचंबी कच्चंच होतं.”

गावात त्यांना डबल मास्तर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांना तो किताब वाटे. त्यांचे नियम चार. पहिला सरळ, नुसतं ई-डी लावा. दुसरा, शेवटी ई असेल तर फक्त डी. तिसरा वायचा, आणि तो ते फार प्रेमानं समजावत. “‘प्ले’मधी वायच्या बाजूले कोन हाय? ए हाय. ए म्हंजे स्वर, म्हंजे वायचा सोयरा. सोयरा बाजूले असला की वाय घाबरत नाही, जसाचा तसा राह्यते. आन् ‘क्राय’मधी बाजूले आर हाय. आर त्याच्या काय कामाचा? म्हून तिथी वायचा आय होते.” मी पुढं दुसऱ्या दोन शाळांत नोकरी केली, वायचा नियम इतका नीट सांगणारा माणूस मला भेटला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

चौथा नियम डबलचा, आणि तिथं पोरांचे हाल सुरू होत. ‘स्टॉप’सारखा लहान शब्द असला तर ठीक, एक स्वर, एक व्यंजन, पी डबल. पण शब्द लांब असला की जोर कुठल्या भागावर आहे ते ऐकायचं. जोर शेवटी असेल तर डबल, आधी असेल तर एक. आता मराठी कानाला हा जोर ऐकू येत नाही, आणि वऱ्हाडी कानाला तर नाहीच. मास्तर टेबलावर रूळ आपटून तो ऐकवत. ‘व्हिजिट’, रूळ पहिल्यावर. म्हणून टी एकच. ‘ओमिट’, रूळ दुसऱ्यावर. म्हणून टी दोन. पोरं हुशार. त्यांनी जोर ऐकायचा नाद सोडला आणि मास्तरांच्या भुवया पाहायला शिकली. जिथं भुवई वर जाईल तिथं डबल. त्यामुळे मास्तर समोर असताना सगळा वर्ग बरोबर, आणि परीक्षेत मास्तर खुर्चीत डुलकी घेऊ लागले की सगळा वर्ग चूक.

एकच शब्द त्यांना छळायचा, ‘ट्रॅव्हल’. जोर पहिल्यावर आणि तरी इंग्रज त्यात एल डबल करतो. याचं उत्तर त्यांच्या पुस्तकात नव्हतं. तो शब्द आला की ते पान उलटत. ते कधी गाव सोडून कुठं जात नसत, त्याचं कारण हेच असावं असं आम्ही म्हणत असू.

कोटाच्या बटणाचीही एक हकिगत होती. गावात इंग्रजी कोट शिवणारा शिंपी एकच, रहीमभाई. त्यानं हौसेनं इंग्रजी पाटी रंगवून घेतली, इथं कोट अंगाबरोबर बसवून मिळतील अशा अर्थाची. आणि ‘फिट’च्या भूतकाळात एकच टी. मास्तरांनी जाऊन खडूनं दुसरा टी घातला. पावसात तो धुऊन गेला. त्यांनी पुन्हा घातला. शेवटी रहीमभाई म्हणाले, “मास्तरसाब, मलेबी समजते काही कमी हाय. पण पेंटरजवळ फळी तितकीच होती.” मास्तर म्हणाले, “मंग शब्द दुसरा घ्याचा.” तेव्हापासून त्या दुकानात त्यांनी पाय ठेवला नाही, आणि बटण तुटलं ते तुटलंच. घरी बटण लावायला काय अडचण होती हे मला त्या वेळी समजलं नाही. आम्ही हसून सोडून दिलं.

इन्स्पेक्टरसाहेबांची तपासणी आली तेव्हाची गोष्ट जिल्ह्यात बरेच दिवस सांगितली जात होती. साहेब चौथीच्या वर्गात आले आणि एका पोराला प्रेमानं इंग्रजीत विचारलं, आज सकाळपासून काय काय केलंस. पोरगा धीट होता. त्यानं घडाघडा सांगितलं की मी धुतलं, मी प्रार्थना केली, मी चाललो, मी पोचलो. सगळी ई-डीची क्रियापदं, एकही चूक नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, आणि जेवलास काय? पोरगा गप्प. ‘ईट’चा भूतकाळ त्या वर्गात कोणी कधी ऐकला नव्हता. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांनी धुतलं होतं, प्रार्थना केली होती, चालत आले होते, आणि जेवणाचं नाव काढलं की सगळे खाली पाहत होते. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं की मुलं स्वच्छ आणि श्रद्धाळू आहेत, पण त्यांना घरी खायला मिळत नसावं असं दिसलं.

हेडमास्तर पोटाचे दुखणाईत, नेहमी ओवा चघळणारे. त्यांनी तो शेरा वाचला आणि ओव्याची पुडीच तोंडात रिकामी केली. मास्तरांनी शेरा दोनदा वाचला. म्हणाले, “साहेबाचं ‘अपिअर’ बरोबर हाय. आर एकच घेतला.” बाकी मजकुराशी त्यांचा संबंध नव्हता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. करीमचं प्रकरण तसं नव्हतं.

करीम हा एका पिंजाऱ्याचा मुलगा. त्याचा बाप गावोगाव फिरून गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचा. पोरगा वर्गातल्या इतरांपेक्षा थोराड, पण गणितात असा की मी फळ्यावर उदाहरण पुरतं लिहायच्या आत त्याचं उत्तर तयार. नादारीवर शिकत होता; नापास झाला की नादारी जाते आणि फी भरायची ऐपत घरात नव्हती. वार्षिक परीक्षेत मास्तरांनी बाजाराच्या दिवसावर निबंध घातला. करीमनं आपला बाप बाजारात बसतो तो प्रसंग लिहिला. पिंजणाची तांत, म्हणजे आतड्याची दोरी, तुटते, गिऱ्हाईक थांबतं, बाप पोराला पाठवतो, पोरगं धावत घरून दुसरी तांत आणतं, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलेलं असतं. मास्तरांनी त्यात बारा चुका काढल्या आणि दर चुकीला एक मार्क कापला. तीन मार्कांनी करीम इंग्रजीत नापास, म्हणून वर्गात नापास.

मी तो पेपर मागून घेऊन वाचला. म्हटलं, “मास्तर, हे वाचताना पिंजणाचा आवाज ऐकू येतो हो.”

“मलेबी आला,” ते म्हणाले. “पण ‘स्टॉप’मधल्या एका पी-चा.”

“तीन मार्कांचा प्रश्न आहे. पोरगा शाळेतून जाईल.”

“तीन मार्कांसाठी मी इंग्रजी भाषा बदलू?”

दुसऱ्या दिवशी करीमचा बाप आला. खांद्यावर पिंजण तसंच, दाढीत कापूस. शिक्षकांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“मास्तरसाब, लेकरू काऊन नापास झालं?”

“त्यानं वायचा आय केला नाही.”

“वाय म्हंजे कोन?”

“अक्षर हाय.”

“आन् आय?”

“तेबी अक्षर हाय.”

पिंजाऱ्यानं खांद्यावरचं पिंजण सावरलं. “एका अक्षराचं दुसरं अक्षर नाही केलं, म्हून शाळा बंद?”

“चार ठिकाणी नाही केलं,” मास्तर म्हणाले. “आठ ठिकाणी डबल नाही केलं.”

पिंजारी सलाम करून गेला. करीमला त्यानं पुढल्याच आठवड्यात खामगावच्या एका जिनमध्ये कामाला लावलं.

मला ते सहन झालं नाही. मी त्या बापाला घरी बोलावलं, इन्स्पेक्टरसाहेबांच्या नावे इंग्रजीत अर्ज लिहिला आणि खाली त्याचा अंगठा घेतला. मास्तर भाषा शिकवत नाहीत, चार नियम शिकवतात. पोरांना साधं जेवलो म्हणता येत नाही. आणि एका हुशार मुलाचं नुकसान झालं आहे, असं सगळं त्यात लिहिलं. माझं नाव कुठंही नव्हतं. मला त्या वेळी मी मोठं धाडस केलं असं वाटलं. अंगठा पिंजाऱ्याचा होता, हे ध्यानात यायला बरेच दिवस लागले.

सरकारी रीत अशी की ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच ती खुलाशासाठी पाठवायची. महिन्याभरानं माझा अर्ज सगळे शिक्के घेऊन शाळेत आला. हेडमास्तरांनी तो मास्तरांच्या हातात दिला. मी तिथंच बसलो होतो. मास्तरांनी चष्मा पुसला, अर्ज वाचला, दौत उघडली आणि लाल शाईनं तीन ठिकाणी खुणा केल्या. मग खाली काहीतरी लिहून कागद माझ्यापुढं सरकवला. दहापैकी सात.

मी विचारलं, “हा... हा कोणाचा आहे?”

“अक्षर तुमचं हाय,” ते शांतपणे म्हणाले. “‘प्रिफर’ पाहा. तुम्ही एफ डबल केला. आर डबल कराचा असते, जोर शेवटी हाय. माणसानं माझ्याविरुद्ध लिहावं, माझी ना नाही. पण नीट लिहावं.”

तक्रारीतल्या एकाही मुद्द्याचा त्यांनी खुलासा दिला नाही. हेडमास्तरांनी फार विनवलं तेव्हा एका ओळीत लिहून दिलं की प्रस्तुत अर्जात तीन चुका आहेत, त्या दुरुस्त केल्या आहेत. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागत राहिले, तपकिरीची डबी पुढं करत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वरून हुकूम आला. करीमचे मार्क कोणी बदलले नाहीत, मास्तरांनाच बदललं. बदली जळगाव जामोदला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. हुकमावर सहीची जागा सोडलेली होती. हेडमास्तर म्हणाले, “सही करा, मास्तर. आठ दिवसांत हजर व्हायचं आहे.”

मास्तरांनी हुकूम वाचला. मग खिडकीपाशी उजेडात नेऊन वाचला. परत आले ते तोंडावर असं काही घेऊन, जसं कुणाचं लग्न ठरलंय.

“माझी बदली झाली नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“‘ट्रान्सफर’मधी दोन आर पाहिजेत. यात एकच हाय. असा शब्दच नाही इंग्रजीत. जो शब्द नाही, तो मले कसा लागू होईन?”

हेडमास्तरांना वाटलं ते थट्टा करताहेत. पण सतरा वर्षांत त्या माणसानं थट्टा केली नव्हती. त्यांनी लाल शाईनं हुकमात दुसरा आर घातला, समासात नियम क्रमांक चार लिहिला, आणि खाली इंग्रजीत टीप जोडली: आपल्या कचेरीनं माझं जे केलं आहे असं या पत्रात म्हटलं आहे, ते इंग्रजी भाषेत होऊ शकत नाही, शुद्ध शब्द आल्यावर अंमल करीन. आणि कागद टपालानं परत धाडला.

आठ दिवस झाले. त्यांच्या जागी नेमलेला तरुण मास्तर ट्रंक घेऊन दाखल झाला. मास्तरांनी त्याला वर्गात शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं आणि शिकवणं चालू ठेवलं. तो बिचारा तीन आठवडे रोज भूतकाळ ऐकत बसला. गावाला नवा खेळ मिळाला. बाजारात लोक एकमेकांना विचारू लागले, “काय बे, आला का आर?” रहीमभाईंच्या दुकानापुढं पैजा लागल्या. मीही त्या हसण्यात होतो, उलट सगळ्यांना आरची भानगड समजावून सांगणारा मीच होतो.

शेवटी हेडमास्तरांनी मला सांगितलं, “तुम्ही घरी जाऊन समजावा. नोकरी जाईल त्यांची.” इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलो नव्हतो. दुपारची वेळ होती. मास्तर बाहेर गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. उघडलं म्हणजे आधी भिंत चाचपली, मग कडी चाचपली. माझा आवाज ऐकून म्हणाल्या, “या भाऊजी, बसा. उजव्या हाताले पाट हाय.” आणि आत जाऊन, एका हातानं कोनाडा, चूल, रांजण शोधत, त्यांनी मला तांब्याभर पाणी आणून दिलं. थेंब सांडला नाही. दोन्ही डोळ्यांत पांढरं आलं होतं.

“किती दिवसांपासून आहे हे?” मी विचारलं.

“पाच-सहा वर्सं झाली. आता उजेड-अंधार तेवढा समजते. या घरातलं सारं हाताले पाठ हाय, विहीर पाठ हाय, गल्लीबी पाठ हाय.” मग म्हणाल्या, “भाऊजी, एक इचारू? त्या कागदात अक्षर कमी हाय म्हंतेत, ते खरंच हाय, का यायनं मनानं काढेल हाय?”

“खरंच आहे.”

“मंग ठीक हाय,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मास्तर आले. मला पाहून त्यांना बरं वाटलं नाही. मी त्यांना ओसरीवर नेलं. म्हटलं, “मास्तर, हे आधी का नाही सांगितलंत? वहिनींच्या डोळ्यांचं कारण देऊन अर्ज करा. मी लिहितो. बदली रद्द होईल.”

“नाही.”

“का नाही?”

“ते माझं घरचं कारन हाय,” ते म्हणाले. “घरचं कारन सांगून मांगावं लागते. मी मांगून नाही राह्यलो. त्यायची चूक हाय, मी दाखवून राह्यलो.”

“अहो, पण ते तुमचं ऐकणार नाहीत.”

“नियम हाय, मास्तर. साहेब असला तरी जोर शेवटी असला की डबलच करावं लागते.”

मी पुष्कळ सांगितलं. ते ऐकत राहिले आणि ओसरीच्या खांबावर बोटानं काहीतरी लिहीत राहिले. निघताना मला म्हणाले, “तिच्या डोयाचं शाळेत सांगू नका. पोरं गल्लीत तिच्या वाटेवर काहीबाही ठेवतीन.” मी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी मी रहीमभाईंच्या दुकानापुढं थांबलो नाही, आणि आर आला का म्हणून कोणी विचारलं तर मला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटे.

पुढच्या आठवड्यात वरून दुसरा कागद आला. हेडमास्तरांनी आधी ओवा तोंडात टाकला, मग तो मास्तरांपुढं धरला. वरच्या कचेरीनं आर दुरुस्त केला नव्हता, शब्दच बदलला होता. मास्तरांना नोकरीतून दूर करण्यात आलं होतं. आम्ही सगळे खोलीत उभे होतो. मास्तरांनी कागद खिडकीपाशी नेला, पुष्कळ वेळ पाहिला आणि परत येऊन टेबलावर ठेवला.

“‘रिमूव्ह’,” ते म्हणाले. “शेवटी ई हाय. फक्त डी लावला. बरोबर हाय.”

आणि त्यांनी सही केली. नव्या मास्तरांना खडूची पेटी दिली, रूळ दिला, वह्यांचा गठ्ठा दिला. दौत स्वतःची होती, ती खिशात घातली. छत्री घेतली आणि घरी गेले. सतरा वर्षांचा निरोप इतक्या थोडक्यात आटोपला, कारण हेडमास्तरांना भीती होती की निरोपाला हजर राहिलो तर वर कळेल.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र त्यांच्या मनासारखी झाली. त्यांना गाव सोडावं लागलं नाही.

पगार बंद झाला तेव्हा गावातल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं त्यांना इंग्रजी पत्रव्यवहारासाठी ठेवायचं कबूल केलं. त्याला शाळेचा दाखला हवा होता, की हे गृहस्थ इथं होते आणि त्यांची वागणूक चांगली होती. हेडमास्तर सही करायला तयार झाले, लिहायला नाही. म्हणाले, “तुम्ही लिहा. आणि कृपा करून स्पेलिंग पाहून लिहा.” मी अख्खी दुपार घातली. कोश उघडून बसलो. एकेक क्रियापद तीनतीनदा तपासलं, कुठं ई आहे, कुठं वाय आहे, जोर कुठं आहे. टेबलावर बोट आपटून पाहिलं. ज्या शब्दाची खात्री नव्हती तो काढून सोपा घातला. असं करता करता नऊ ओळींचा दाखला तयार झाला.

संध्याकाळी मास्तर तो घ्यायला आले. कोटाला बटण अजून नव्हतं. ते पायरीवरच उभे राहून वाचू लागले, ओठ हलवत. मी त्यांच्या भुवया पाहत होतो. भुवई कुठंच हलली नाही. त्यांनी परत वरपासून सुरू केलं. या वेळी मला वाटलं, काहीतरी सापडलं.

“चूक नाही,” ते म्हणाले. “एकबी नाही. चांगलं लिह्यलं तुम्ही.”

मला, खोटं कशाला सांगू, आनंद झाला.

ते जाईनात. कागद हातात तसाच. मग म्हणाले, “पन मास्तर, हे कोनाबद्दल हाय?”

“तुमच्याबद्दल.”

त्यांनी पुन्हा एकदा कागदाकडे पाहिलं. त्यात एक माणूस शाळेत नोकरीला होता, वेळेवर हजर राहिला होता, नेमलेलं काम त्यानं पार पाडलं होतं आणि त्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रारीचा अर्जही माझाच होता, आणि हे शेवटचं वाक्यही माझंच.

“बरं,” ते म्हणाले. कागदाची नीट चौकोनी घडी घालून त्यांनी ती कोटाच्या कोरड्या खिशात ठेवली, दौतीच्या नाही, आणि पायऱ्या उतरून व्यापाऱ्याच्या दुकानाकडे गेले.